चेहरे भरणारे, चेहरे उपसणारे

नाक बसलं की माणूस गावातून उठला, असा आमच्या जुन्या कुलाबा जिल्ह्यातला हिशेब होता. बोटं झडली तरी माणूस घरात राहायचा. पडवीत वेगळं ताट घेऊन जेवायचा, गुरं राखायचा. पण नाकाची दांडी खचली, भुवया गेल्या, कानाच्या पाळ्या जाड होऊन लोंबायला लागल्या की घरच्यांचीच नजर बदलायची. हात पदराखाली, खिशात लपवता येतो. तोंड कुठं लपवणार?

मी महाड आणि पोलादपूर तालुक्यांत कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून सरकारी नोकरी केली आणि निवृत्त झालो. हुद्दा कागदावर मोठा, वाडीवर मात्र ‘चट्टेवाला आला’ एवढंच. माणसाला उजेडात उभं करून अंगावरचे चट्टे पाहायचे, बॉलपेनचं टोक टेकवून स्पर्श कळतो का विचारायचं, कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचपट्टीवर नमुना घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, पुढच्या महिन्यात परत जायचं. बिरवाडी, वरंध, विन्हेरे, पाचाड. इकडं कापडे, देवळे, उमरठ. नोकरीभर मी माणसांचे चेहरे वाचत आलो, आणि बिघडलेला चेहरा दुरुस्त होतो का, हा प्रश्न मला लोकांनी हजारदा विचारला असेल.

आता तोच प्रश्न वेगळ्या तोंडून येतो. आमच्या भागातल्या मुली पनवेलला, ठाण्याला, मुंबईला नोकरी करतात. लग्न ठरलं की डोळ्यांखालचे खड्डे, बसलेले गाल भरून घेतात, आणि तेही स्वतःच्याच पोटाची किंवा मांडीची चरबी काढून, सुईनं तोंडात टोचून. त्यातल्या एकीच्या आईनं मला विचारलं, “भाऊ, गाल सुजल्यागत दिसतो, डोळ्याखाली वाटाण्याएवढी गाठ आलीय. टोचलेलं परत काढता येतं का?” मी डॉक्टर नाही, तसं तिला सांगितलं. पण या धंद्याला शेकडो वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक मोठा तुकडा आपल्याच मुलखातला आहे. तो तिला सांगितला, तोच इथं लिहितो.

वरंध घाट चढून भोरमार्गे गेलं की पुणं. 1792च्या टिपूवरच्या मोहिमेत इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. नाव पारशी वाटतं, पण जुन्या मजकुरात त्याला मराठा शेतकरी म्हटलंय. टिपूच्या माणसांनी त्याला पकडलं, नाक कापलं, एक हातही तोडला. साधारण वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोघा इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकीकत चित्रासह छापून आली.

रीत अशी होती. मेणाची पातळ चकती नाकाच्या थोटकावर बसवून तिला नाकाचा आकार द्यायचा. ती चकती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेनं रेघ मारायची. रेघेवरून कपाळाची कातडी सोलायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली राहू द्यायची, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती कातडी पिळून खाली आणायची आणि थोटकाच्या कडेला केलेल्या चिरेत बसवायची. टाके नाहीत. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि त्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेल्या चिंध्या. रोग्यानं पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या, म्हणजे भोकं बुजत नाहीत.

लोक ही गोष्ट अभिमानानं सांगतात आणि सुश्रुतापर्यंत नेऊन सोडतात. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूनं हीच रीत वापरून 1814 मध्ये नाक बसवलं आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक काढलं, तिथून ती युरोपभर गेली, हेही सांगतात. मला त्या मजकुरातली दुसरीच एक ओळ महत्त्वाची वाटते, जी बहुतेक जण गाळतात. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची आणि त्याच वेळी नव्या नाकाचं रूप सुधारण्यासाठी आणखी थोडी काटछाट करायची, असं तिथं स्पष्ट नोंदलंय. म्हणजे पहिल्या हातात काम नीट होत नाही, हे त्या कारागिराला ठाऊक होतं. दुसरी काटछाट ही त्याची चूक नव्हती, कामाचाच भाग होता, आणि ती करायला माणूस पंचवीस दिवस त्याच्याच नजरेखाली असे.

पुढच्या शंभर वर्षांत सुई आली आणि सगळी घाई सुरू झाली. 1899 मध्ये व्हिएन्नाच्या रोबर्ट गेर्सुनी यांनी व्हॅसलीन टोचून अंगातली पोकळी भरता येते, असं मांडलं. मग पॅराफिन आलं, म्हणजे मेणच. कापाकाप नाही, टाके नाहीत, रोगी त्याच दिवशी घरी. खचलेली नाकं, सुरकुत्या, गाल, सगळीकडं मेण भरलं गेलं. मग ते मेण उन्हात, तापात जागा सोडू लागलं, आत गाठी झाल्या, कातडी फाटून बाहेर आलं. काहींची दृष्टी गेली. पुढं मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या सौंदर्यवतीनं नाक सरळ करायला पॅराफिन भरून घेतलं आणि ते हळूहळू हनुवटीकडं उतरलं, ही तिकडची गाजलेली कथा. मेण काढायला गेलेल्या सर्जनांच्या लक्षात आलं की ते मांसात असं मुरलंय की मेणाबरोबर चेहराही कापावा लागतो. एवढं झाल्यावरही 1960च्या दशकात पातळ सिलिकॉनची तीच गत झाली. अमेरिकेत नेवाडा राज्याला ते टोचण्यावर कायद्यानं बंदी घालावी लागली.

स्वतःची चरबी वापरणं हा त्यामानानं शहाणपणाचा मार्ग, आणि तो मेणाहून जुना आहे. 1893 मध्ये गुस्टाफ नॉयबर या जर्मन सर्जननं हाडाच्या क्षयानं एका तरुणाच्या डोळ्याखाली पडलेला खड्डा त्याच्याच दंडाच्या चरबीनं भरला. तुकडे लहान असले तर जगतात, मोठे जगत नाहीत, हे त्यानं तेव्हाच सांगून ठेवलं. 1910च्या सुमारास बर्लिनच्या होलेंडर यांनी माणसाच्या चरबीत मेंढ्याची चरबी मिसळून टोचून पाहिली. त्यावर मी काही बोलत नाही. 1950च्या दशकात लिंडन पिअर या अमेरिकन सर्जननं मोजून सांगितलं की लावलेल्या चरबीतली वर्षभरात निम्म्याच्या आसपास उरते. 1970च्या दशकात इटलीत आणि फ्रान्समध्ये चरबी नळीनं ओढून काढण्याचं तंत्र आलं, आणि ओढलेली चरबी टाकायची कशाला, असा विचार साहजिकच पुढं आला. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी ती गाळून, फिरवून, बारीक बोथट नळीनं अगदी थेंबाथेंबानं वेगवेगळ्या थरांत पेरण्याची शिस्त बसवली. आज जगभर चालते ती थोड्याफार फरकानं हीच शिस्त.

या सगळ्या काळात आमच्याकडं काय चाललं होतं? मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी 1890 मध्ये माटुंग्याला महारोग्यांसाठी आश्रम काढला. वडाळ्याचं आजचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. याच अ‍ॅकवर्थ साहेबांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापले. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा त्या संग्रहात आहेत. प्रतापगड पोलादपूरच्या डोक्यावर आणि तान्हाजीचं उमरठ पोलादपूर तालुक्यात. आमच्या भागाचे पोवाडे जपणाऱ्याच माणसानं आमच्या भागातून हाकलून दिलेल्यांनाही छप्पर दिलं, याची नोंद महाडात कुठं असायला हरकत नव्हती.

पण छप्पर म्हणजे दुरुस्ती नव्हे. 1898च्या कायद्यानं रोग्याला पकडून डांबायची सोय केली होती. तो कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडलं. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते 2019 मध्ये निघालं. डॅप्सोनच्या गोळ्यांनी जंतू मरत, पण गेलेलं नाक परत येत नसे. म्हणजे तपासणीत ‘बरा’ झालेला माणूस चेहऱ्यावर रोगाची पाटी घेऊन हिंडत असे. एस.टी.त त्याच्या शेजारची जागा रिकामी राही.

इथं डॉ. नोशीर अंटिया यांचं नाव घ्यावं लागतं. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले चेहरे दुरुस्त करणाऱ्या सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली ते इंग्लंडात शिकले आणि परत येऊन पुण्याला कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात व पुढं मुंबईच्या जे.जे.त रोग्यांची नाकं, भुवया, डोळे दुरुस्त करायला लागले. ज्यांना हात लावायला कुणी धजत नव्हतं, त्यांच्या तोंडावर ते तासन्‌तास काम करत. आपल्या जिल्ह्याशीही त्यांचं नातं होतं. 1970च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं.

कुष्ठरोगातलं नाक का बसतं, हे मला नोकरीतल्या प्रशिक्षणात कळलं. बाहेरची कातडी बहुतेकदा शाबूत असते. आतला पडदा सडतो, आतलं अस्तर आक्रसतं आणि नाकाला आत ओढून घेतं. वरून मेण भरा, हाड घाला, चरबी टोचा, अस्तर ओढतच राहणार. गिलीज यांनी उपदंशात बसलेल्या नाकांसाठी शोधलेली रीत कुष्ठरोगात कामाला आली: वरचा ओठ उचलून आतून शिरायचं, आक्रसलेलं अस्तर सोडवायचं, दातांच्या साच्याला वापरतात त्या लगद्यावर मांडीची पातळ कातडी गुंडाळून ती आत बसवायची. कातडी धरली आणि आतून आधार दिला की नाक वर राहतं. भुवयांसाठी डोक्यावरची केसाळ कातडी, न मिटणाऱ्या डोळ्यासाठी कानशिलाच्या स्नायूची पट्टी, लोंबलेल्या पाळीतून एक फाक कमी. प्रत्येक ठिकाणी आधी विचार हा, की हे बिघडलं कशामुळं. खड्डा दिसला की भर, असं नाही.

पोलादपूरकडच्या एका माणसाचं नाक मुंबईत असं उभं राहिलं. आत प्लास्टिकचा आधार होता, तो काढून धुवायचा, परत बसवायचा. गावात जत्रेच्या पंगतीला त्याला बोलावलं गेलं, एवढं त्या नाकानं केलं. पण तो मला म्हणायचा, “नाक सरळ आहे हो, पण आमच्या घराण्याचं नाही. आमची नाकं फताडी.” दुरुस्तीला परत जाऊ या म्हटलं तर लावणीचे दिवस होते, मग कापणी, मग तो गेलाच नाही. दुसरी काटछाट प्रत्येकाला परवडते असं नाही. पुण्याच्या त्या कारागिराकडं ती पंचविसाव्या दिवशी होती. आमच्याकडं तिच्यासाठी मजुरी बुडवून मुंबई गाठावी लागे.

आणि दुरुस्तीही स्वतःचा डाग मागं ठेवते. 1982 नंतर तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली, तेव्हा त्यातल्या क्लोफाझिमिननं कातडी काळपट-तांबूस पडायची. औषध थांबल्यावर कित्येक महिन्यांनी ती उजळे, पण तोवर थांबायचं कुणी? लग्नाच्या वयाच्या मुली गोळ्या पानात गुंडाळून टाकून देत. चट्टा झाकता येतो, काळं पडलेलं तोंड झाकता येत नाही, हे त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मी फक्त गोळ्या मोजून समोर गिळायला लावत असे.

मग 2004 आलं आणि एचआयव्हीचं औषध सरकारातून फुकट मिळायला लागलं. माणसं वाचली. पण त्या सुरुवातीच्या औषधांत स्टॅव्ह्युडिन होतं, आणि त्यानं गालांतली चरबी विरघळायची. हातपाय बारीक, गाल आत गेलेले, हाडं वर. मुंबईहून गणपतीला आलेल्या माणसाचा चेहरा बघून गाव ओळखायचं आणि कुजबुजायचं. आमच्या बाजूच्या माणसांना त्यावर काही उपाय मिळाला नाही. पुढं ते औषध मागं घेतलं गेलं, तेवढाच. युरोपात मात्र अशा गालांत रोग्याचीच चरबी भरली गेली. 2005 मध्ये इटलीतल्या मोडेना शहरातल्या डॉक्टरांनी एक विचित्र गोष्ट छापली. काही रोग्यांच्या मानेमागं याच आजारात वाढलेला चरबीचा उंचवटा होता, आणि गालांत तिथली चरबी टोचली होती. ती गालांत गेल्यावरही वाढतच राहिली. गाल फुगत गेले.

या एका उदाहरणात त्या आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. टोचलेली चरबी म्हणजे भेगेत भरायची लांबी नव्हे, ती जिवंत असते आणि जिथून आली तिथला स्वभाव घेऊन येते. पोटाची चरबी डोळ्याखाली बसली, पुढं बाई बाळंत झाली, वजन वाढलं, तर तीही वाढते. दुसरं, चरबीचा कण नवी रक्तवाहिनी फुटेपर्यंत शेजारच्या पेशीतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर तग धरतो. एका जागी मोठा थेंब पडला तर त्याचा गाभा मरतो, तिथं तेलाची पिशवी किंवा चुन्यासारखी टणक गाठ होते. नॉयबरनं 1893 मध्ये सांगितलं ते हेच. तिसरं, काही चरबी मरणार हे धरून काही डॉक्टर जास्तीची भरतात, आणि ती सगळी जगली तर गाल सुजल्यासारखा दिसत राहतो. डोळ्याखालची कातडी इतकी पातळ की तिथं तांदळाएवढी गाठही दिसते.

काढायचं कसं? पहिले काही महिने नुसती सूज असते, तेव्हा घाईनं हात लावायचा नसतो. सहा महिने तरी थांबून पाहतात. त्यानंतरही गाठ राहिली तर बारीक नळीनं ओढून घेतात, किंवा पापणीच्या आतून चीर देऊन ती कापून काढतात. गालातली जास्तीची चरबी तशाच बारीक नळीनं कमी करतात, पण ती आता आसपासच्या मांसात विणली गेलेली असते, चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या फांद्या शेजारीच असतात, त्यामुळं सगळी आणि सारखी निघत नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन कधी गाठ बसवतं, कधी कातडीच पातळ करून नवा खड्डा पाडतं. चरबी विरघळवणारं डीऑक्सिकोलिक आम्ल अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झालं ते फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी, डोळ्याखालच्या गाठीसाठी नव्हे. आणि पार्लरमध्ये सर्रास सांगतात ती एक गोष्ट साफ खोटी आहे: ‘नाही आवडलं तर एक इंजेक्शन देऊन उतरवू.’ तसं उतरवणारं इंजेक्शन आहे, पण ते ह्यालुरोनिक आम्लाच्या फिलरवर चालतं. चरबीवर त्याचा काही परिणाम होत नाही. कमी भरलं असेल तर परत भरता येतं, जास्त भरलेलं उपसायला जड. चरबी चुकून रक्तवाहिनीत गेली आणि उलटी वाहत डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत अडकली तर दृष्टी जाते. त्यावर कसलीच दुरुस्ती नाही.

त्या मुलीला शेवटी शिकलेल्या प्लास्टिक सर्जननं पाहिलं. आधी टोचणाऱ्यानं किती आणि कुठं टोचलं याचा एक चिठोराही तिच्याकडं नव्हता, म्हणून त्याला सगळं अंदाजानं ठरवावं लागलं. वाडीवरच्या माझ्या रोग्याकडं निदान एक कार्ड तरी असायचं. गोळी कुठल्या तारखेला दिली ते त्यावर लिहिलेलं असायचं.

माझं मत विचाराल तर तिच्या डोळ्याखाली भरण्यासारखं काही नव्हतंच. रात्रपाळी, रक्त कमी, आणि बापासारखी हाडाची ठेवण. पण बायकांनी काय करावं हे सांगणारे आमच्याकडं कमी नाहीत, त्यात मी भर घालत नाही. भरायचंच असेल तर भरणाऱ्याला आधी विचारा: बिघडलं तर उपसणार कोण, तुम्हीच की दुसरा, आणि त्याचे पैसे किती? त्याचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत आहे का, ते बघा. किती टोचलं, कुठं टोचलं, कुठून काढलं, हे सहीनिशी लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर अजूनही कुणी न मिटणाऱ्या डोळ्यानं, वाकड्या बोटांनी घरात बसलं असेल, तर त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जा. कुष्ठरोगानं आलेल्या व्यंगाची शस्त्रक्रिया सरकारी कार्यक्रमात फुकट होते, आणि बुडालेल्या मजुरीपोटी रोग्याला मिळणारे 8,000 रुपये आता 12,000 झाले आहेत.